डेलिगेट नव्हे, डेप्युटी : एपिस्कोपल चर्चच्या महाअधिवेशनातील एक दिवस

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या महाअधिवेशनासाठी निवडून आलेल्या सभासदाला कोणी 'डेलिगेट' म्हटले, तर बहुधा तो हसून दुरुस्ती सुचवतो की आपण डेलिगेट नसून डेप्युटी आहोत. बाहेरच्या माणसाला हा शब्दच्छल वाटेल, परंतु या चर्चचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर या दुरुस्तीपासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे. डेलिगेट हा पाठवणाऱ्यांचा निरोप घेऊन येतो आणि त्यांनी सांगितले तसे मत देतो. डेप्युटीला मात्र त्याचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील मंडळ्यांचा समूह, निवडून देतो, पण अमुक ठरावावर अमुकच मत द्यावे असे त्याला बांधून पाठवू शकत नाही. आपल्या भागातील लोकांना काय वाटते हे त्याने जाणून घ्यावे, अधिवेशनात सर्व बाजू ऐकाव्यात, आणि मग आपल्या सद्सद्विवेकाला स्मरून मत द्यावे, अशी अपेक्षा असते. दिवसभरातील सुनावण्या, उपसूचना आणि मतदानाच्या किचकट पद्धती या सर्वांमागे ऐकून घेतल्यावर माणसाचे मत बदलू शकते हे एकच गृहीत आहे. मते आधीच पक्की असती, तर आठशे माणसांनी एका शहरात जमण्याऐवजी ती टपालाने पाठवली असती तरी चालले असते.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या एका अडचणीत आहे. त्याआधी त्या वसाहतींमधील अँग्लिकन मंडळ्या चर्च ऑफ इंग्लंडचा भाग होत्या आणि त्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख इंग्लंडचा राजा होता. राजाशी नाते तुटल्यावर चर्चचा कारभार कोणी चालवायचा, हा प्रश्न उभा राहिला. 1785 मध्ये फिलाडेल्फियात पहिले महाअधिवेशन भरले, तेव्हा तेथे एकही बिशप उपस्थित नव्हता; जमले होते ते पाळक आणि सामान्य सभासद. 1789 मध्ये चर्चची घटना स्वीकारली गेली आणि बिशपांचे वेगळे सभागृह अस्तित्वात आले. म्हणजे डेप्युटींचे सभागृह वयाने थोरले आहे, आणि त्याचा थोडा अभिमान तेथील सभासदांच्या बोलण्यात आजही डोकावतो.

आजची रचना अशी आहे. प्रत्येक धर्मप्रांत जास्तीत जास्त आठ डेप्युटी निवडतो. त्यांपैकी चार दीक्षित असतात, म्हणजे पाळक किंवा डीकन (पाळकाच्या आधीच्या पायरीवरील दीक्षित सेवक), आणि चार प्रापंचिक, म्हणजे धर्मदीक्षा न घेतलेले शिक्षक, वकील, परिचारिका, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी असे कोणीही. शंभराहून अधिक धर्मप्रांतांचे मिळून हे सभागृह आठशेच्या पुढे जाते. दुसऱ्या सभागृहात सर्व बिशप बसतात आणि निवृत्त बिशपांनाही तेथे मताचा अधिकार आहे. वाचकाला येथे लोकसभा आणि राज्यसभा आठवेल. तुलना काही अंशी योग्यही आहे, पण एक मोठा फरक आहे. संयुक्त बैठकीत मतदान घेऊन संख्याबळावर कोंडी फोडण्याची सोय येथे नाही. कोणताही ठराव दोन्ही सभागृहांनी अगदी त्याच शब्दांत मंजूर केला तरच तो चर्चचा ठराव होतो. एका सभागृहाने त्यात एखादी दुरुस्ती केली, तर तो पहिल्याकडे परत जातो.

महाअधिवेशन दर तीन वर्षांनी भरते. कोविडच्या साथीमुळे 2021 चे अधिवेशन एक वर्ष पुढे ढकलून 2022 मध्ये बाल्टिमोरला घेण्यात आले आणि ते चार दिवसांतच आटोपले. 2018 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनला ते 5 ते 13 जुलै असे नऊ दिवस चालले होते, तर 2024 मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथे 23 ते 28 जून असे सहा दिवस. ठराव शेकडो आणि दिवस इतके मोजके, हा ताण डेप्युटीच्या प्रत्येक दिवसावर असतो.

दिवस सुरू होतो तो समितीच्या खोलीत. ऑस्टिनमध्ये काही सुनावण्या सकाळी साडेसातलाच सुरू होत असत. बाल्टिमोरपासून बहुतेक सुनावण्या अधिवेशनाच्या आधीच इंटरनेटवरून घेण्याची प्रथा पडली असली, तरी समित्यांचे काम अधिवेशनाच्या दिवसांतही संपत नाही. प्रार्थना व उपासना, चर्चची घटना व नियम, सामाजिक न्याय, इतर चर्चशी संबंध अशा विषयवार समित्या असतात आणि प्रत्येक विषयाला एक बिशपांची व एक डेप्युटींची अशा दोन समित्या असतात. त्या एकत्र बसतात, एकत्र सुनावणी घेतात, मात्र मतदान वेगवेगळे करतात. सुनावणीत बोलायला डेप्युटीच असावे लागते असे नाही. नाव नोंदवून कोणीही दोन-तीन मिनिटे आपली बाजू मांडू शकतो. सभागृहात जे भाषण होते त्याहून येथील साक्ष जास्त परिणामकारक ठरते, असे माझे मत आहे, कारण ठरावाचा मसुदा येथे अजून ओला असतो. एखादा शब्द खटकला, तर समिती तो तेथल्या तेथे बदलू शकते. तोच शब्द आठशे जणांच्या सभागृहात बदलायचा म्हटला, तर अर्धा तास सहज जातो.

डेप्युटीच्या हातातील ठरावांवर एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे असतात. ही अक्षरे ओळखता आली, की ठराव कोठून आला ते कळते. 'ए' म्हणजे चर्चच्या स्थायी समित्या व अभ्यासगटांकडून आलेला, 'बी' म्हणजे बिशपांनी मांडलेला, 'सी' म्हणजे एखाद्या धर्मप्रांताने किंवा प्रांतसमूहाने पाठवलेला, आणि 'डी' म्हणजे डेप्युटीने स्वतः मांडलेला. पूर्वी हे सगळे जाडजूड फायलींमध्ये असे आणि दुरुस्त्यांचे कागद रोज त्यांत लावावे लागत. 2015 च्या सॉल्ट लेक सिटी येथील अधिवेशनापासून टॅबलेट आले, आणि पाठीवरचे ओझे कमी झाले. वाचनाचे ओझे मात्र तेवढेच राहिले.

समिती ठरावाला शिफारस जोडून सभागृहाकडे पाठवते. ही शिफारस मंजूर करावा, दुरुस्तीसह मंजूर करावा, फेटाळावा, पुढील अभ्यासासाठी एखाद्या मंडळाकडे सोपवावा किंवा त्यावर काहीच कृती करू नये, अशी काहीही असू शकते. वादाचा संभव नसलेले ठराव एका संमतियादीत घातले जातात आणि ती सबंध यादी एकाच मतदानाने पार पडते. अनेक डेप्युटी रात्री ही यादी डोळ्यांखालून घालतात, कारण एखादा ठराव यादीतून बाहेर काढून चर्चेला आणायचा असेल, तर ती मागणी वेळेत नोंदवावी लागते. संमतियादी नसती, तर सहा दिवसांत सहा आठवड्यांचे काम उरकणे अशक्यच झाले असते.

दिवसाच्या मध्यावर किंवा सकाळी सर्वांची सामुदायिक उपासना आणि प्रभुभोजन असते. त्यात बिशप, डेप्युटी आणि पाहुणे एकाच छताखाली येतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा कामकाजातील खंड वाटतो, पण सकाळी माइकवर एकमेकांविरुद्ध बोललेली दोन माणसे तासाभराने एकाच वेदीकडे जातात. या संस्थेच्या दृष्टीने तोही कामकाजाचाच भाग आहे, आणि सभागृहातही ठरावीक वेळी चॅपलिन, म्हणजे सभागृहासाठी नेमलेले धर्मसेवक, उभे राहून प्रार्थना म्हणतात.

आता मुख्य सभागृह. प्रचंड दालनात लांबच लांब टेबले मांडलेली असतात, प्रत्येक धर्मप्रांताची जागा ठरलेली असते आणि ती दुरून ओळखू यावी म्हणून त्या प्रांताच्या नावाचा फलक उंच दांड्यावर लावलेला असतो. नावात अमेरिका असली, तरी हे चर्च अमेरिकेपुरते नाही. हैती, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक, कोलंबिया, एक्वाडोर, तैवान येथील धर्मप्रांतही याच सभागृहात बसतात आणि म्हणून कानाला लावायच्या यंत्रांतून भाषांतर चालू असते. क्यूबाचा धर्मप्रांत 1966 मध्ये राजकीय परिस्थितीमुळे वेगळा झाला होता. 2018 मध्ये ऑस्टिनला त्याला पुन्हा सामील करून घेण्यात आले.

अध्यक्षांनी ठराव पुकारला, की समितीचा सदस्य तो थोडक्यात मांडतो आणि मग चर्चा सुरू होते. बोलणाऱ्याला मोजकी मिनिटे मिळतात, अनुकूल आणि प्रतिकूल बाजूंना आळीपाळीने संधी देण्याचा प्रयत्न होतो आणि वेळ संपली की घंटेची वाट न पाहता थांबणे हे सभ्यपणाचे मानले जाते. उपसूचना आली, तर आधी तिच्यावर चर्चा व मतदान आणि मग मूळ ठरावावर. कोणी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला, तर अध्यक्ष शेजारी बसलेल्या संसदीय सल्लागाराशी बोलून निर्णय देतात. नवख्या डेप्युटीची पहिली दोन सत्रे आपण नेमके कशावर मतदान करतो आहोत हे समजण्यातच जातात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, कारण उपसूचनेवरील उपसूचना आणि ती तहकूब ठेवण्याची सूचना एकाच वेळी समोर असताना जुनेजाणते सभासदही शेजाऱ्याच्या टॅबलेटकडे डोकावताना दिसतात.

येथवरची पद्धत कोणत्याही मोठ्या सभेसारखीच आहे. या अधिवेशनाचे खरे वैशिष्ट्य वर्गवार मतदानात आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. साध्या मतदानात प्रत्येक डेप्युटीचे एक मत. पण महत्त्वाच्या ठरावांवर, किंवा तशी मागणी झाल्यास, मतदान वर्गवार होते. तेव्हा एका धर्मप्रांताच्या चार दीक्षित डेप्युटींचे मिळून एक मत धरले जाते आणि चार प्रापंचिक डेप्युटींचे मिळून एक. चारांपैकी तिघांनी होकार दिला, तर त्या वर्गाचे मत होकारार्थी. दोघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला गेले, तर ते मत 'विभागलेले' म्हणून नोंदवले जाते. ठराव मंजूर होण्यासाठी दीक्षित वर्गातही बहुमत हवे आणि प्रापंचिक वर्गातही. बहुमत मोजताना विभागलेली मते एकूण संख्येत धरली जातात, पण होकारात धरली जात नाहीत. म्हणजे दोन-दोन असे तुटलेले मत नावाला तटस्थ असते, परिणामात मात्र नकारच ठरते.

कागदावर हा तपशील क्षुल्लक वाटतो. इतिहासात तो तसा राहिला नाही. 1973 मध्ये, योगायोगाने लुइव्हिललाच भरलेल्या अधिवेशनात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा प्रस्ताव डेप्युटींच्या सभागृहात वर्गवार मतदानाला आला. दोन्ही वर्गांत होकाराची मते नकाराच्या मतांपेक्षा जास्त होती, तरीही विभागलेल्या मतांमुळे प्रस्ताव पडला. पुढच्या वर्षी, 29 जुलै 1974 रोजी, फिलाडेल्फियात 11 स्त्रियांना अधिवेशनाच्या मंजुरीची वाट न पाहता दीक्षा देण्यात आली आणि चर्चभर खळबळ उडाली. 1976 च्या मिनियापोलिस येथील अधिवेशनाने अखेर स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. वर्गवार मतदानाचे समर्थक म्हणतात की, एवढ्या मोठ्या बदलासाठी निसटते बहुमत पुरू नये, चर्चचा बराच मोठा भाग त्यामागे उभा असावा. विरोधक म्हणतात की, अनिश्चित माणसाला नकाराच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. मला दोन्ही युक्तिवाद पटतात. मात्र ज्या स्त्रियांना आणखी तीन वर्षे थांबायला सांगण्यात आले, त्यांना पहिला युक्तिवाद कसा ऐकू आला असेल, हा प्रश्न मागे उरतोच.

स्त्रियांना डेप्युटी होण्यासाठीही असेच थांबावे लागले होते. प्रापंचिक डेप्युटी म्हणून केवळ पुरुषच बसू शकतात, असा अर्थ घटनेतील शब्दांचा लावला जाई. घटना बदलायची, तर लागोपाठच्या दोन अधिवेशनांनी तोच बदल मंजूर करावा लागतो. 1967 मध्ये सिॲटलला पहिली मंजुरी मिळाली, 1970 मध्ये ह्युस्टनला दुसरी, आणि त्यानंतरच स्त्रिया डेप्युटी म्हणून रीतसर स्थानापन्न झाल्या. प्रार्थनापुस्तकालाही, म्हणजे चर्चच्या उपासनेचे विधी ज्यात दिलेले असतात त्या पुस्तकालाही, हाच नियम लागू आहे. आज वापरात असलेले प्रार्थनापुस्तक 1976 मध्ये एकदा आणि 1979 मध्ये डेन्व्हरला दुसऱ्यांदा मंजूर झाले.

दोन सभागृहांतील ये-जा कशी असते, हे याच पुस्तकाच्या अलीकडच्या प्रकरणातून दिसते. ऑस्टिनमध्ये 2018 साली 'ए068' क्रमांकाचा ठराव आला. प्रार्थनापुस्तकाच्या सर्वंकष पुनर्लेखनाला हात घालावा, असा त्याचा रोख होता. डेप्युटींनी दीर्घ चर्चेनंतर वर्गवार मतदान घेतले आणि दोन्ही वर्गांत आवश्यक बहुमत मिळून तो मंजूर झाला. काही दिवसांनी तो बिशपांपुढे गेला आणि त्यांनी त्याचे रूपच पालटले. 1979 च्या पुस्तकाचे स्थान कायम राहावे, त्याच्या जोडीने नव्या उपासनाविधींचा प्रयोग व अभ्यास धर्मप्रांतांत सुरू व्हावा आणि त्यासाठी एक कार्यगट नेमावा, असा पर्यायी मसुदा त्यांनी पाठवला. आता डेप्युटींपुढे पेच असा होता की, बिशपांची दुरुस्ती नाकारली, तर उरलेल्या थोड्या दिवसांत मूळ ठराव बहुधा हातचा जाणार. स्वीकारली, तर आपण मागितले होते ते मिळणार नाही, पण काहीतरी सुरू होईल. त्यांनी ती स्वीकारली. पुनर्लेखन हवे असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांना त्या रात्री आपणच जिंकलो असे वाटू शकले असते, आणि दोन सभागृहांच्या पद्धतीतून निघणारे निर्णय पुष्कळदा याच प्रकारचे असतात.

प्रमुख बिशपाच्या निवडीचा दिवस मात्र इतर दिवसांसारखा नसतो. निवड बिशप करतात, बंद दाराआड, आणि डेप्युटींच्या सभागृहाने तिला संमती द्यायची असते. 26 जून 2024 रोजी लुइव्हिलमध्ये बिशप कॅथीड्रलमध्ये जमले असताना डेप्युटी सभागृहात इतर कामे उरकत होते, म्हणजे निदान तसा प्रयत्न करत होते. पहिल्याच फेरीत 158 पैकी 89 मते मिळवून शॉन रो निवडले गेले, आणि डेप्युटींनी 778 विरुद्ध 43 मतांनी संमती दिली. त्यांच्याआधीचे मायकल करी 2015 मध्ये निवडले गेले होते आणि त्या पदावर आलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होते. त्याआधी 2006 मध्ये निवडल्या गेलेल्या कॅथरीन जेफर्ट्स शोरी या जगभरातील अँग्लिकन चर्चपैकी एखाद्या चर्चचे सर्वोच्च पद भूषवणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. डेप्युटींची संमती ही औपचारिकता वाटते, पण तो अधिकार आहे आणि तो वापरून झाल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही.

अंदाजपत्रकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी ते सुमारे 14 कोटी 30 लाख डॉलरचे होते आणि त्याचा मोठा वाटा धर्मप्रांतांकडून येतो. ठरावीक सूट वजा जाता प्रत्येक प्रांताने आपल्या उत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम द्यावी, असा नियम आहे. डेप्युटीने एवढे लक्षात ठेवले तरी पुरते की, ज्या ठरावात खर्च सुचवलेला आहे, तो मंजूर झाला म्हणजे पैसा मिळालाच असे नाही.

मधल्या वेळात माणसे प्रदर्शनाच्या दालनात फिरतात. तेथे पुस्तके, पाळकांची वस्त्रे, सेवाभावी संस्थांचे गाळे असतात. आणखी एक छंद येथे हटकून दिसतो, तो म्हणजे पिनांची देवाणघेवाण. प्रत्येक धर्मप्रांत आपली छोटी पिन बनवून आणतो, आणि गळ्यातील ओळखपत्राच्या फितीवर या पिना इतक्या दाटतात की तिचे वजन मानेला जाणवावे. हे पोरकट वाटते खरे, पण अनोळखी माणसाशी बोलायला यापेक्षा सोपे निमित्त सापडत नाही, आणि संध्याकाळच्या मतदानाआधी तेच बोलणे उपयोगी पडते.

आठ डेप्युटींपैकी कोणी थकला किंवा आजारी पडला, तर त्याची जागा पर्यायी डेप्युटी घेतो. धर्मप्रांत त्यांनाही निवडूनच पाठवतो, आणि अदलाबदल रीतसर नोंदवल्याशिवाय पर्यायी सभासदाला मत देता येत नाही. रात्री एकेका धर्मप्रांताचे सभासद एकत्र बसतात आणि उद्याच्या ठरावांवर बोलतात. येथे मतभेद उघडपणे बोलून दाखवले जातात, प्रसंगी चौघांपैकी दोघे एकीकडे आणि दोघे दुसरीकडे राहणार हेही स्पष्ट होते, आणि मग आपले मत विभागले गेले तर ते कोणाच्या पारड्यात पडेल, याचा हिशेब प्रत्येकजण मनाशी करतो. त्यानंतर खोलीवर जाऊन दुसऱ्या दिवशीची संमतियादी वाचायची असते.

शेवटच्या दिवशी दोन सभागृहांमधील निरोपांची ये-जा सर्वांत वेगाने होते. एका सभागृहाने मंजूर केलेला पण दुसऱ्यात पोहोचू न शकलेला ठराव अधिवेशन संपताच निकालात निघतो. त्याच्या बाजूने कितीही मते पडली असली, तरी तीन वर्षांनी कोणाला तरी तो नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावा लागतो. म्हणून त्या दुपारी डेप्युटींच्या नजरा वक्त्यापेक्षा पडद्यावर जास्त असतात. बिशपांकडून संमतीचा संदेश आला की अध्यक्ष तो वाचून दाखवतात, आणि ज्यांनी त्या ठरावासाठी पहाटे उठून साक्ष दिली होती, ते आपल्या प्रांताच्या फलकाखाली उभे राहून टाळ्या वाजवतात.